कुत्र्याची जात निवडताना आधी तिचं जुनं काम विचारा

घरात कुत्रं आणायचं ठरलं की बहुतेक कुटुंबं फोटो बघायला बसतात. कुणाला सोनेरी केस आवडतात, कुणाला निळे डोळे, कुणाला चपटं नाक. निवड तिथेच होऊन जाते आणि पुढची बारा-तेरा वर्षं ती निभावण्यात जातात. फोटोत दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींमागे मात्र एक जुनं काम असतं. हस्कीचा दाट कोट बर्फात तग धरण्यासाठी, डॅशहंडचे आखूड पाय बिळात शिरण्यासाठी, बॉर्डर कॉलीची रोखलेली नजर मेंढ्या वळवण्यासाठी. माणसाने ही कुत्री कामासाठी घडवली. आता ते काम उरलं नाही, पण त्याची ओढ कुत्र्याच्या अंगात तशीच आहे. ती ओढ तुमच्या घरात कशी भागणार, हा जात निवडतानाचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न शरीराचा: या जातीचं नाक, पाठ, खुबे, हृदय कुठे दगा देतं?

जातीकडून काय अपेक्षा ठेवायची, यालाही मर्यादा आहे. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून स्वभावाची माहिती घेतली होती आणि २ हजारांहून अधिक कुत्र्यांचा जनुकीय आराखडा तपासला होता. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला साधारण ९ टक्केच जातीवरून समजतो, असं त्यात दिसलं. माणसाचं ऐकण्याची तयारी किंवा वस्तू तोंडात धरून आणण्याची हौस जातीशी बऱ्यापैकी जोडलेली असते. चिडखोरपणा तितका नाही. म्हणून ‘ही जात मुलांना काहीच करत नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. जात कल सांगते. हमी आईबापाच्या स्वभावातून, पिल्लाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांतून आणि तुमच्या शिस्तीतून मिळते, तीही पूर्ण नाही.

आधी घराचा दिवस कागदावर मांडा

जातींची यादी बघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून चार गोष्टी लिहून काढाव्यात. सकाळी पावसातही कुत्र्याला बाहेर कोण नेणार, त्याचं नाव. घर सलग किती तास रिकामं असतं. सगळ्यात लहान मूल किती वर्षांचं आहे. आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत घर बदलणं, बाळ येणं, मुलं शिकायला बाहेर जाणं यांपैकी काय काय संभवतं.

रिकाम्या घराचा मुद्दा पिल्लाच्या बाबतीत फार आडवा येतो. पिल्लू लघवी किती वेळ रोखू शकेल याचा ढोबळ हिशोब असा: वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम तीन तास. तेही झोपेत असेल तर. जागं असताना, खेळून झाल्यावर, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याला बाहेर न्यावंच लागतं. घरातले सगळे आठ-नऊ तास बाहेर असतील तर पिल्लू आणू नये. दोन-तीन वर्षांचं, घरात राहायची सवय झालेलं कुत्रं घ्यावं आणि दुपारी कुणीतरी येऊन त्याला फिरवून आणेल अशी सोय करावी. मोठं कुत्रं जीव लावत नाही ही समजूत चुकीची आहे. नव्या घरात सरावायला त्याला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात, एवढंच.

घराच्या आकाराबद्दल लोक उगाच जास्त विचार करतात. ग्रेहाउंड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास धावतो, पण एकदा मोकळेपणाने धावून झालं की दिवसाचा मोठा भाग लोळून काढतो. त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या वजनाचा जॅक रसेल टेरिअर दिवसभर काहीतरी उकरत, कुरतडत, भुंकत असतो. लहान घरात जास्त दमवणारा तो. कुत्र्याला खोल्या मोजून कळत नाहीत. बाहेर घालवलेला वेळ आणि डोक्याला मिळालेलं काम त्याला पुरेसं झालं की घर लहान असलं तरी चालतं.

लॅब्रडॉर आणि गोल्डन रिट्रिव्हर

कुटुंबासाठी ही दोन नावं सगळ्यात आधी निघतात आणि त्याला कारण आहे. लॅब्रडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर काम करत. एकोणिसाव्या शतकात ती कुत्री ब्रिटनमध्ये आली आणि शिकारीत पडलेले पक्षी शोधून आणण्यासाठी त्यांची पैदास झाली. गोल्डनचा उगम स्कॉटलंडमधल्या गिसाकन या मालमत्तेवर, १८६८ मध्ये पिवळा रिट्रिव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनिएल यांच्या संकरातून झाला. दोघांचं काम एकच: माणसाजवळ शांत बसून राहायचं, सांगितल्यावर धावायचं, पक्षी दातांनी न फोडता अलगद उचलून आणायचा आणि हातात सोडायचा. या कामासाठी जे गुण निवडले गेले तेच आज घरात उपयोगी पडतात. माणसाकडे लक्ष, अनोळखी लोकांशी मोकळेपणा, तोंडाची मऊ पकड.

त्याच कामातून त्यांची खोडही आली आहे. या कुत्र्यांना तोंडात काहीतरी हवंच असतं. चपला, मोजे, रिमोट, मुलांची खेळणी. दीड-दोन वर्षांपर्यंत हे चालतं. ओरडून ते थांबत नाही, कारण वस्तू उचलली की सगळं घर मागे धावतं आणि कुत्र्याला तो खेळच वाटतो. त्याऐवजी चघळायला योग्य अशा वस्तू ठरवून द्याव्यात, आणि भलतं काही उचललं तर शांतपणे खाऊ दाखवून अदलाबदल करावी. वस्तू हिसकावत राहिलात तर ती लपवून ठेवण्याची आणि जवळ आलं की गुरगुरण्याची सवय लागते. स्वभावाने प्रेमळ असलेल्या जातीतही असं ‘वस्तू राखणारं’ कुत्रं तयार होतं आणि लहान मुलांच्या घरात ते धोक्याचं ठरतं.

लॅब्रडॉरची खरी लढाई वजनाशी असते. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की या जातीच्या साधारण चारातल्या एका कुत्र्यात ‘पॉमसी’ नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. २०२४ मध्ये त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली: अशी कुत्री विश्रांतीच्या वेळी इतरांपेक्षा साधारण २५ टक्के कमी ऊर्जा जाळतात. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. अशा कुत्र्याचे मालक आळशी असतात असं नाही. त्यांना मोजमाप इतरांपेक्षा काटेकोर ठेवावं लागतं, इतकंच. खाणं वाटीने अंदाजे न देता वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजावं. शिकवताना दिलेला खाऊ त्यातून वजा करावा आणि तो दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये.

वजन ठीक आहे की नाही हे हातानेच कळतं. कुत्र्याच्या बरगड्यांवरून बोटं हलकेच फिरवा. आपला पंजा पालथा, सरळ धरला तर बोटांच्या मागची हाडं जशी पातळ कातडीखाली लागतात, तशा बरगड्या लागायला हव्यात. घट्ट मूठ वळल्यावर गाठी जशा टोकदार लागतात तशा लागल्या तर कुत्रं हडकलेलं आहे. तळहाताच्या बाजूने हाडं जशी दाबून शोधावी लागतात तशा शोधाव्या लागल्या तर ते जाड आहे. वरून बघितल्यावर बरगड्यांमागे कंबर दिसली पाहिजे. हे महिन्यातून एकदा करावं. अमेरिकेत ४८ लॅब्रडॉरवर आयुष्यभर झालेल्या एका अभ्यासात ज्या कुत्र्यांना जोडीच्या कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं, ती सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. जातीच्या एका खोडीवर एवढा लांब परिच्छेद लिहिला, कारण मालकाच्या हातात पूर्णपणे असलेली इतकी मोठी गोष्ट दुसरी क्वचितच असेल.

गोल्डन लॅब्रडॉरपेक्षा थोडा हळवा, केस जास्त. आठवड्यातून तीन-चार वेळा विंचरावं लागतं, कानांमागे आणि मांड्यांमागे गुंते होतात. दोन्ही जातींचे केस दोन थरांचे असतात आणि वर्षभर गळतात, ऋतू बदलताना फारच. उन्हाळ्यात ‘गार वाटेल’ म्हणून यंत्राने केस उडवू नयेत. वरचा थर उन्हापासून कातडीचं रक्षण करतो आणि तो नीट परत येईलच असं नाही. गोल्डनमध्ये कर्करोगाचं प्रमाण जास्त आहे. अमेरिकेत २०१२ पासून ३ हजारांहून अधिक गोल्डन कुत्र्यांना आयुष्यभर तपासत राहणारा अभ्यास त्याचसाठी सुरू आहे. दोन्हींमध्ये खुब्याचा आणि कोपराचा सांधा नीट न जुळण्याचा आजार आनुवंशिक आहे, त्याबद्दल पिल्लू घेण्याच्या भागात सांगतो.

व्यायाम: प्रौढ कुत्र्याला रोज दीड-दोन तास, त्यात थोडं मोकळं धावणं किंवा पोहणं. तेवढं जमणार नसेल तर ही जात तुमच्यासाठी नाही, लोक कितीही सांगोत.

नाकाच्या आणि हुशारीच्या जाती

बीगल ९ ते ११ किलोचा, मुलांच्या बरोबरीने धावणारा, कळपात राहायला घडवलेला, त्यामुळे भांडखोर नाही. तो सशाचा माग काढण्यासाठी घडवला गेला. नाकाला वास लागला की कान बंद होतात. तुम्ही हाक मारत राहता आणि तो रस्ता ओलांडून गेलेला असतो. म्हणून उघड्या जागी त्याला लांब दोरीवरच ठेवावं. त्याचा आवाजही दूरवर ऐकू जावा म्हणून निवडलेला आहे. भिंतीला भिंत लागून शेजारी असतील आणि कुत्रं दिवसभर एकटं राहणार असेल तर तक्रार येणारच.

कॉकर स्पॅनिएल आनंदी, मध्यम आकाराचा, बहुतेक कुटुंबांना झेपणारा. कान आठवड्यातून एकदा उघडून बघायचे. झाकलेल्या कानात ओल राहते आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. कुबट वास आला, कुत्रं डोकं झटकू लागलं तर कानात घरचं काही घालत बसू नका.

बॉर्डर कॉली आणि जर्मन शेफर्ड यांच्या हुशारीचं कौतुक होतं. चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीने हजारावर खेळण्यांची नावं ओळखून दाखवली होती. पण तिचे मालक मानसशास्त्रज्ञ होते आणि तिला रोज तासन्‌तास शिकवत होते. हुशार कुत्रं म्हणजे सोपं कुत्रं नव्हे. त्याला काम दिलं नाही तर ते स्वतः काम शोधतं. बॉर्डर कॉली धावणाऱ्या मुलांना वळवू लागते, टाचांना चावे घेते, सायकलींच्या मागे लागते. जर्मन शेफर्ड १८९९ पासून आधी मेंढ्यांसाठी आणि लगेच नंतर राखणीसाठी, पोलिसांसाठी घडवला गेला. दारावर येणाऱ्या प्रत्येकावर तो स्वतः निर्णय घेऊ लागतो. योग्य हातात तो फार एकनिष्ठ कुत्रा आहे. पण पहिलंच कुत्रं, वर लहान मुलं आणि घरी सतत पाहुणे, असं असेल तर आम्ही तो सुचवत नाही. घ्यायचाच असेल तर उताराची पाठ आणि मागे वाकलेले पाय असलेल्या वंशापेक्षा सरळ पाठीचा, कामाच्या वंशातला घ्यावा.

हस्कीबद्दल थोडक्यात: तो कुंपण चढतो, जमीन उकरून पळतो, हाक मारल्यावर येईलच याचा भरवसा नाही, आणि उष्ण हवेत त्याला दिवसाचा बराच वेळ घरातच ठेवावा लागतो. निळ्या डोळ्यांसाठी घेतलेली पुष्कळ हस्की वर्षभरात परत दिली जातात.

लहान कुत्रं लहान मुलांसाठी, हा हिशोब चुकतो

मूल लहान म्हणून कुत्रंही लहान, असं बरेच जण ठरवतात. पोमेरेनियन दोन-तीन किलोचा असतो. त्याच्या पुढच्या पायाची हाडं इतकी बारीक असतात की चार वर्षांच्या मुलाच्या हातातून किंवा सोफ्यावरून पडला तरी ती मोडतात. शिवाय तो घाबरून चावायला शिकतो, कारण त्याच्या जागी कुणीही असतं तर तेच केलं असतं: आपल्याहून पाचपट मोठं कुणीतरी येतं आणि न विचारता उचलतं. सहा-सात वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर आठ-दहा किलोपेक्षा हलकं कुत्रं टाळावं. मुलं मोठी असतील किंवा घरात फक्त प्रौढ असतील तर पोमेरेनियन उत्तम. फिरणं बेताचं लागतं, स्वभाव चलाख, भुंकणं मात्र भरपूर. त्याला गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवर बसणारं हार्नेस घालावं. या जातीत श्वासनलिकेच्या कड्या नरम असतात, पट्टा ओढला की त्या दबतात आणि कोरडा, घोगरा खोकला सुरू होतो. लहान जबड्यात दात दाटीने येतात, म्हणून दात रोज घासायला हवेत.

डॅशहंड लांब अंगाचा. त्याला आखूड पाय देणारा जनुकीय बदलच मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक करतो. साधारण चार-पाचांतल्या एका डॅशहंडला आयुष्यात केव्हातरी चकती सरकण्याचा त्रास होतो आणि मागचे पाय लुळे पडू शकतात. उपाय साधे आहेत, पण रोजचे: सोफ्याला उतरती फळी लावणं, जिन्यावरून उचलून नेणं, उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली, पाठ आडवी. वजन वाढू न देणं सगळ्यात महत्त्वाचं. पाय अचानक लडबडू लागले किंवा उचलताना किंचाळलं तर उद्यावर टाकू नका.

कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएल स्वभावाने बहुधा सगळ्यात गोड घरगुती कुत्रं असेल, आणि त्याचं हृदय सगळ्यात कमकुवत. डाव्या झडपेचा आजार या जातीत फार लवकर सुरू होतो. पाच वर्षांपर्यंत निम्म्या कुत्र्यांत, दहापर्यंत जवळजवळ सगळ्यांत त्याचा आवाज ऐकू येतो. शिवाय कवटी मेंदूला लहान पडल्यामुळे मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या होतात आणि फार वेदना होतात. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तिथल्या कॅव्हेलियरची पैदास प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली, ती याच कारणांनी. हवंच असेल तर दोन्ही पालकांच्या हृदयाची तपासणी हृदयतज्ज्ञाने केलेली आहे का, हे कागदावर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शिह त्झू घरात रमणारा, व्यायाम कमी लागणारा. केस लांब ठेवले तर रोज विंचरणं आलं; आखूड कापून घेतले तर काम निम्मं होतं. डोळे मोठे आणि बाहेर आलेले असल्याने बुबुळाला जखम लवकर होते. एक डोळा अर्धा मिटून राहिला, पाणी येऊ लागलं तर त्याच दिवशी दाखवावं.

पूडल हे आमच्या मते सगळ्यात कमी लेखलं गेलेलं कुटुंबाचं कुत्रं. केशरचनेमुळे ते शोभेचं वाटतं; मुळात ते पाण्यातून पक्षी आणणारं, फार लवकर शिकणारं कुत्रं आहे. स्टँडर्ड, मिनिएचर, टॉय अशा तीन आकारांत मिळतं. मिनिएचर पूडल लहान घराला आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना छान जुळतं. केस जमिनीवर गळत नाहीत, पण अंगावरच वाढत राहतात. दर चार ते आठ आठवड्यांनी कापावे लागतात, नाहीतर गुंत्याचा नमदा होऊन खालची कातडी सडते. आणि ‘अ‍ॅलर्जी न होणारी जात’ हे बोलणं खरं नाही. अ‍ॅलर्जी केसाची नसते. कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते. नेदरलँड्समध्ये २०१२ साली झालेल्या तपासणीत तर अशा ‘सुरक्षित’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत मुख्य प्रथिन इतरांपेक्षा जास्तच सापडलं. घरात कुणाला त्रास असेल तर त्याच कुत्र्याजवळ, बंद खोलीत, वेगवेगळ्या दिवशी तास-दोन तास घालवून बघणं हाच उपाय.

चपट्या नाकाबद्दल स्पष्ट बोलायला हवं

पग आणि फ्रेंच बुलडॉग मुलांशी छान वागतात, व्यायाम कमी मागतात, लहान घरात मावतात. अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदणीत फ्रेंच बुलडॉगने २०२२ मध्ये लॅब्रडॉरचा ३१ वर्षांचा पहिला क्रमांक घेतला. मागणी वाढली तशी पैदासही घाईची झाली.

अडचण अशी की कवटीचं हाड आखूड केलं, पण आतले मऊ भाग त्या प्रमाणात आखूड झाले नाहीत. टाळूचा मागचा मऊ पडदा लांबच राहिला आणि श्वासाच्या वाटेत लोंबू लागला. नाकपुड्या फटीएवढ्या झाल्या. प्रत्येक श्वास जोर लावून ओढावा लागतो आणि त्या ओढीने स्वरयंत्राजवळचा भाग हळूहळू आत खेचला जाऊन वाट आणखी अरुंद होते. कुत्र्याला अंगातून फारसा घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं आणि त्यातून अंग गार करतं. ज्याची श्वासाची वाटच अरुंद, त्याला उकाड्यात गार होता येत नाही. उन्हात थोडं खेळल्यावर कोसळणारी कुत्री बऱ्याचदा याच जातींची असतात. झोपेतलं घोरणं लोकांना गोंडस वाटतं. ते अडलेल्या श्वासाचं लक्षण आहे.

पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईबापाची परीक्षा तुम्ही पाहू शकता. केंब्रिज विद्यापीठाने घडवलेली आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने स्वीकारलेली पद्धत अशी आहे: आधी शांत असताना कुत्र्याचा श्वास ऐकायचा, मग तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं आणि पुन्हा ऐकायचं. शून्य ते तीन अशी श्रेणी मिळते. तपासणी करणारा पशुवैद्य स्टेथोस्कोप गळ्यावर लावतो. पण पळून आल्यावर दोन हात अंतरावरून घरघर ऐकू येत असेल तर ती तुम्हालाही कळेल. नाकपुड्या समोरून बघा. त्या उघड्या, गोलसर हव्यात. स्वल्पविरामासारख्या बारीक रेघा नकोत. नेदरलँड्समध्ये नाकाची लांबी डोक्याच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून कमी असलेल्या कुत्र्यांची पैदास करता येत नाही. २०१९ पासून तो निकष लागू आहे.

ब्रिटनमधल्या पाच लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये आयुर्मानाचा हिशोब आला. लांब नाकाच्या लहान कुत्र्यांच्या माद्या सरासरी १३.३ वर्षं जगतात, चपट्या नाकाचे मध्यम आकाराचे नर ९.१ वर्षं. चार वर्षांचा हा फरक म्हणजे मुलाच्या शाळकरी वयाचा मोठा तुकडा आहे. या जातींवर जीव असणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच: आधीच कुणाला नको झालेलं, प्रौढ, श्वास तपासलेलं कुत्रं घ्या. नवी मागणी वाढवू नका.

कुठल्याच जातीचं नसलेलं कुत्रं

मिश्र वंशाचं कुत्रं हा पर्याय मनात ठेवावा, पण त्याच्याबद्दलही भ्रम नकोत. एकाच जातीत साठून राहिलेले काही आनुवंशिक आजार त्यात कमी दिसतात. तरी वर सांगितलेल्या ब्रिटिश नोंदींत मिश्र कुत्र्यांचं आयुष्य शुद्ध जातींपेक्षा जास्त निघालं नाही. त्याचा खरा फायदा वेगळा आहे. निवारागृहातून दीड-दोन वर्षांचं कुत्रं घेतलं तर ते केवढं होणार, मुलांना कसं वागवतं, मांजर दिसल्यावर काय करतं, एकटं राहतं का, हे सगळं आधी बघता येतं. पिल्लाच्या बाबतीत हे अंदाज असतात. एका भेटीवर ठरवू नका. दोन-तीन वेळा जा, एकदा तरी मुलांना घेऊन, आणि एकदा कुत्र्याला बाहेर रस्त्यावर फिरवून बघा.

मुलं आणि कुत्रं: जात कुठलीही असो

लहान मुलांना होणारे चावे बहुतेक वेळा ओळखीच्या कुत्र्याकडून, घरातच होतात. मूल खात्या कुत्र्याजवळ जातं, झोपलेल्यावर वाकतं, मिठी मारतं. कुत्र्याला मिठी आवडत नाही, त्याला ती कोंडी वाटते. चावण्याआधी ते सांगत असतं, फक्त आपल्याला वाचता येत नाही. समोर खाणं नसताना ओठांवरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभई, तोंड दुसरीकडे वळवणं, मान न हलवता डोळे इतके तिरके करणं की पांढरा भाग चंद्रकोरीएवढा दिसतो, आणि मग अंग एकदम ताठ होणं. त्यानंतर गुरगुरणं. गुरगुरलं म्हणून मारू नका. मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, चिडणं सोडत नाही. पुढच्या वेळी इशारा न देता चावतं.

मुलांना एक साधी परीक्षा शिकवता येते. कुत्र्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. तीन सेकंद छातीवर किंवा खांद्यावर हात फिरवायचा, डोक्यावर नाही. मग हात काढून घ्यायचा. कुत्र्याने परत अंग लावलं तर आणखी चालेल. ते तसंच उभं राहिलं किंवा बाजूला झालं तर त्याचं उत्तर ‘नको’ असं आहे. पाच-सहा वर्षांचं मूलही हे शिकतं. त्याहून लहान मूल आणि कुत्रं एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय ठेवू नये. आणि कुत्र्याला एक जागा द्यावी, जिथे मुलांनी जायचंच नाही.

पिल्लू घेताना

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं घेऊ नये. भावंडांबरोबर खेळतानाच चावा किती जोरात घ्यायचा हे ते शिकतं. पिल्लू जिथे जन्मलं तिथे जाऊन बघा, आईला बघा. आई दाखवायला टाळाटाळ झाली, पिल्लू ‘आणून देतो’ असं म्हटलं, किंवा एकाच ठिकाणी चार-पाच जातींची पिल्लं दिसली, तर तिथून निघा. आई घाबरट किंवा अंगावर धावणारी असेल तर पिल्लू कितीही गोड असलं तरी घेऊ नका. हा कल रक्तातूनही येतो आणि पहिल्या आठवड्यांच्या सहवासातूनही.

मोठ्या जातीत दोन्ही पालकांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्सरे बघायला मागा, अधिकृत श्रेणीसह. ‘पशुवैद्याने तपासलंय’ हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. लॅब्रडॉरमध्ये डोळ्यांचा पडदा झिजण्याच्या आजाराची आणि जास्त व्यायामाने कोसळण्याच्या आजाराची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. दोन्ही पालक वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जनुक पुढे देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक पिल्लू आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. एका पालकात तो सदोष जनुक अजिबात नसेल तर एकही पिल्लू आजारी होत नाही, म्हणून चाचणीला एवढं महत्त्व.

घरी आणल्यावर मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम देऊ नका. प्रौढ कुत्र्याचं आतडं नको असलेलं कॅल्शियम अडवतं, पिल्लाचं अडवू शकत नाही, आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचं खाणं वेगळं असतं, तेच द्यावं. नॉर्वेतल्या एका अभ्यासात तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांत खुब्याचा आजार जास्त आढळला आणि मऊ, खाचखळग्याच्या जमिनीवर मोकळं फिरणाऱ्यांत कमी. गुळगुळीत फरशीवर चटया टाकाव्यात. नसबंदीच्या वयाचंही तसंच: लॅब्रडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड यांची वर्षाच्या आत केली तर सांध्यांचे आजार वाढतात, म्हणून वय पशुवैद्याशी बोलून ठरवा.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतं आणि डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिसच्या मात्रा दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत दिल्या जातात. एवढ्या वेळा का? आईच्या दुधातून आलेली प्रतिकारद्रव्यं लसीलाही निष्प्रभ करतात आणि ती कुठल्या पिल्लात कधी संपतील हे बाहेरून दिसत नाही. म्हणून मधली मात्रा चुकवणं धोक्याचं. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर आणि एक वर्षाने पुन्हा.

इथेच एक पेच येतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नवीन गोष्टी सहज स्वीकारतं. नंतर अनोळखी गोष्टीची भीती आधी वाटते. लसी पुऱ्या होईपर्यंत घरात कोंडलं तर नेमका हा काळ जातो. मार्ग असा: अनोळखी कुत्र्यांची वर्दळ असलेल्या जमिनीवर पिल्लाला ठेवायचं नाही, पण कडेवर घेऊन रोज बाहेर न्यायचं. रहदारी, छत्री, टोपी घातलेली माणसं, काठी टेकत चालणारे आजोबा, रडणारं बाळ, कुकरची शिट्टी, वाहनात बसणं. एकेक गोष्ट दुरून, खाऊ देत, पिल्लू मागे सरकलं तर अंतर वाढवत. लसी झालेल्या, ओळखीच्या शांत कुत्र्याशी घरात भेट घडवायला हरकत नाही.

पैसे देण्याआधी लिहून घ्यायची अट एकच: घरी आणल्यापासून दोन-तीन दिवसांत तुमच्या पशुवैद्याकडून तपासणी होईल आणि हृदयात आवाज, बेंबीजवळ हर्निया, वाकडा जबडा असा जन्मजात दोष निघाला तर पिल्लू परत घेतलं जाईल. जबाबदारीने पैदास करणारा माणूस ही अट मान्य करतो, आणि बहुधा तोच तुम्हाला उलट प्रश्न विचारतो: घरी दिवसभर कोण असतं, याआधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं.